टांझानिया पासिंग

सरहद्द नावाची वस्तू जगात मुळात नसतेच, नकाशे छापणाऱ्यांनी आपला धंदा चालावा म्हणून ती काढली आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. धाकटा साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गाव बेला, जिल्हा आदिलाबाद, कामधंदा जिनिंग फॅक्टरीतला फिटर. आता बेल्याकडच्या सगळ्याच लोकांना सरहद्द जरा सैल लागते, हे मीही कबूल करतो. तिथं शेताच्या एका धुऱ्यावर उभं राहिलं की मोबाईल म्हणतो तेलंगणात स्वागत, आणि विळा विसरला म्हणून दुसऱ्या धुऱ्यावर गेलं की तोच मोबाईल म्हणतो महाराष्ट्रात स्वागत. लेक पांढरकवड्याला दिलेली, दुखणं दाखवायला यवतमाळ, रेशन आदिलाबादचं, भांडण वऱ्हाडीत आणि भांडणाचा कागद तेलुगूत, असा सगळा मामला. पण बाकीचे लोक निदान सरहद्द ओलांडताना खिसा चाचपून पाहतात. माझ्या साडूला ती ओलांडली हेच कळत नसे. तो म्हणायचा, "साडूभाऊ, कापसाले कोनी पासपोर्ट पुसते का? मंग मानसालेच काऊन पुसतात?"

या माणसाचा गावात मोठा लौकिक होता तो गाड्यांचे नंबर बदलून देण्याबद्दल. आमच्या भागात जुनी फटफटी, जुनी जीप, ट्रॅक्टर, जे काही चाकावर चालतं ते बहुतेक महाराष्ट्रातून येतं. तिकडून एनओसी आणायची, म्हणजे तिकडच्या ऑफिसाने 'आमची काही हरकत नाही, खुशाल न्या' असं लिहून द्यायचं, मग इकडं दरखास्त द्यायची, टॅक्स भरायचा, मुआयना म्हणजे तपासणी करून घ्यायची, की एमएच पासिंगची गाडी झाली आपल्याकडची. साडू सुट्टीवर आला की लोक त्याच्या ओट्यावर गाडीचे कागद घेऊन बसलेले असत, आणि हा सोयरीक जुळवल्यासारखा दोन्हीकडच्या ऑफिसांत हिंडत असे. 'होत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकले नाहीत. "होते न बावा, काऊन नाई होत!" हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्यामुळे आपल्या टांझानियातल्या गाडीला आदिलाबादचा नंबर घ्यायचा, हे जेव्हा त्यानं ठरवलं, तेव्हा त्याच्या मनात शंकेचं कुसळसुद्धा नव्हतं. मी फोनवर म्हटलं, "अहो, मध्ये समुद्र आहे!" तर म्हणाला, "आपल्या मंधात पैनगंगा हाय का नाई? पानी जरासं जास्त हाय, एवढंच."

हा टांझानियाला काय करतो, असं नवीन माणूस विचारतो. अहो, जिथं कापूस तिथं जिनिंग, आणि जिथं जिनिंग तिथं आमच्या भागातला फिटर असायचाच. तिकडच्या एका गुजराती शेठच्या फॅक्टरीत तो कित्येक वर्षं होता. यंत्राशी त्याचं वागणं असं, की आधी भोवती एक फेरी मारायचा, मग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला लावून मूठ कानाशी धरायचा, आणि डोळे मिटून म्हणायचा, "याचं पोट दुखून राह्यलं." तिकडचा हंगाम संपला की महिना-दीड महिना घरी यायचा आणि पुन्हा जायचा. घरी आला की पाहुण्यासारखाच. टॉवेल कुठं असतो ते त्याला बायकोला विचारावं लागे. दोन्ही लेकरं आदिलाबादला होस्टेलात, घरी माझी मेव्हणी एकटी, शेत ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याला, दिलेलं. ती तोंडाची मोठी तिखट बाई आहे. एकदा कुणी तिला विचारलं, मालक केव्हा आले, तर म्हणाली, "आले कुठं, दाखवाले आनले." पण मी तिचा मोठा भाऊजी, मला ठाऊक होतं की तो निघाला की ती दोन दिवस चूल पेटवत नाही.

गेल्या साली मात्र त्याचा फोन आला आणि तिचा आवाजच बदलला. "ह्या खेपी कायमचा येतो," तो म्हणाला होता, "पन गाडी घेऊन. गाडी आपल्या नंबरची झाली का मी इथला. मंग जानं नाई." ती म्हणाली, "गाडी नाई आली तरी चालते. तुमी या." त्यावर या गृहस्थानं काय म्हणावं? "गाडी तिकडं राह्यली त माया जीव तिकडंच राहीन न!" हे वाक्य तिनं मला इतक्या वेळा ऐकवलं की माझं पाठ झालं. प्रत्येक वेळी ती ते रागानं सुरू करायची आणि शेवटाला तिचा आवाज बारीक व्हायचा. म्हणजे गोष्ट सरळ होती. बाकी जगाच्या दृष्टीनं ती जुनी जपानी गाडी होती, आणि माझ्या मेव्हणीच्या दृष्टीनं त्या गाडीला लागणारा नंबर म्हणजे नवरा घरी राहणार की नाही याचा निकाल होता.

गाडी आली! माझं हार्डवेअरचं दुकान इचोड्याला, अगदी हमरस्त्यावर. मुंबईच्या बंदरावर गाडी सोडवून साडू नांदेड, भैंसा, निर्मल करत येतोय हे कळल्यापासून माझं गिऱ्हाइकाकडे लक्ष नव्हतं. एकानं अडीच इंची खिळे मागितले तर मी बिजागऱ्या बांधून दिल्या. दुपारी ट्रकांच्या रांगेतून एक पांढरी गाडी सुळकन पुढं आली, आणि माझ्या दुकानासमोर थांबली. पुढं पांढरी आणि मागं पिवळी पाटी, त्यावर टी आणि पुढं काहीतरी आकडे-अक्षरं. देवाशपथ सांगतो, माझ्या अंगावर काटा आला! आफ्रिकेच्या रस्त्यावर धावलेली चाकं आज इचोड्याच्या धुळीत उभी होती. ढाब्यावरचे ड्रायव्हर, पंक्चरवाला, भजीवाला, सगळे गोळा झाले. एका तेलुगू ड्रायव्हरनं पाटीवर बोट ठेवून विचारलं, "अन्ना, ई बंडी एक्कडिदी?" कुठली गाडी म्हणून. साडू टेचात म्हणाला, "टांझानिया पासिंग!" ड्रायव्हर म्हणाला, असं असं, छत्तीसगडच्या पलीकडं का? साडू म्हणाला, "हाव, त्याच्याच पलीकडं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पाहा साडूभाऊ, टी त आधीचाच हाय. तेलंगणाचा बी टी. सायबाले अर्धीच पाटी बदला लागते!"

आणि मग त्यानं गाडी चालू केली आणि गाडी बोलली. खरंच बोलली! एका बाईचा गोड, नाजूक, अदबशीर आवाज आला आणि काहीतरी लांबलचक बोलून थांबला. ही गाडी जपानात जन्मली, तिथं जुनी झाली, मग टांझानियाला विकली गेली, पण आतल्या यंत्रातली बाई जपानीच राहिली. किल्ली फिरवली की ती एकदा बोलायचीच. काय बोलते हे टांझानियातही कुणाला कळलं नव्हतं. साडूनं मात्र तिचा अर्थ लावायची जबाबदारी स्वतःकडे घेतली होती, आणि समोर जसा माणूस असेल तसा तो अर्थ बदलायचा. म्हाताऱ्यांना सांगायचा, राम राम म्हनते. तहसीलमधल्या मुन्शीला सांगितलं, सलाम करते. मला म्हणाला, "तुमची दुकानदारी बरी चालो म्हनते." मी आपला वेड्यासारखा त्या डॅशबोर्डाला हात जोडून मोकळा झालो.

बेल्यात गाडी पोचली तेव्हा मी शेजारच्या सीटवर होतो, त्यामुळे माझाही रुबाब वाढलेला. मेव्हणी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. तिनं नवऱ्यावरून ओवाळून टाकलं, चाकांवर पाणी घातलं, हसली, पण साडूनं दार उघडून "करिबू!" म्हटलं तशी (तिकडच्या भाषेत ते 'या बसा') ती दोन पावलं मागे सरली. मिरवायला त्यानं नुकतीच किल्ली पुन्हा फिरवली होती आणि आतली बाई तेवढ्यात बोलली होती. मेव्हणी म्हणाली, "हे कोन?" साडू म्हणाला, "अवं, ते यंत्र हाय. तुले वैनी म्हनते." ती म्हणाली, "इतक्या लाडानं कोनी वैनीले बोलत नाई. आंधी ते बाई उतरन, मंग मी चढन." आणि काय सांगू, गावातल्या सगळ्या बायाबापड्या त्या गाडीत बसून आदिलाबादचा बाजार करून आल्या, पण मालकीण म्हणून जी होती ती एसटीनंच जायची.

गाडीच्या बाबतीत साडूची शिस्त म्हणजे एखाद्या संस्थानाची. दार आपटायचं नाही. कुणी आपटलंच तर हा गावभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचा, "पोले पोले!" म्हणजे हळू हळू. महिनाभरात बेल्यातली लहान पोरं बैलाला, कुत्र्याला आणि हेडमास्तरांच्या सायकलला पोले पोले म्हणू लागली. गाडीत तंबाखू खायची नाही, उन्हाळ्यात काच उघडायची नाही, पावसाळ्यात चिखलाचे पाय आत घ्यायचे नाहीत. त्यासाठी तो दाराशी पाण्याची बादली ठेवायचा आणि पाहुण्यांचे पाय स्वतः धुवायचा. लोकांना वाटे केवढा नम्र माणूस! पहाटे उठून तो गाडीभोवती एक फेरी मारायचा, बॉनेटवर कान ठेवायचा आणि समाधानानं म्हणायचा, "झोप झाली." माझी बायको म्हणाली, इतकं माझ्या बहिणीकडं पाहिलं असतं तर... मी म्हटलं, तुझी बहीण कान ठेवू देईल तर ना.

पोळ्याच्या वेळी तर कहर झाला. आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं निमंत्रण द्यायचं. साडूकडे बैल नव्हते. शेतच ठोक्यानं दिलेलं. तर या माणसानं वाटीभर तूप-हळद घेतली आणि चारी चाकांच्या वर, जिथं गाडीचे खांदे येतात असा त्याचा हिशेब होता, तिथं चोळली. आणि भक्तिभावानं म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैलांच्या जोड्या उभ्या राहिल्या, झुली, बाशिंगं, घुंगरमाळा, आणि मधोमध ही पांढरी गाडी, बॉनेटला घंटांची माळ, आरशांना बेगडी फुलं. गावचे पाटील चिडले. म्हणाले, "हे का बैल हाय?" साडू म्हणाला, "पाटील, वझं वायते का नाई? मालकाचं आयकते का नाई? तुमच्या बैलापक्षा जास्त आयकते." हसण्याचा एकच गदारोळ झाला. पाटलांनाही हसू आवरेना. तेवढ्यात ढोल वाजला, पोळा फुटला म्हणजे जोड्या सुटायची वेळ झाली, साडूनं किल्ली फिरवली आणि आतली बाई आपलं भाषण करती झाली. शेजारच्या पाटलांच्याच बैलानं असला मंजुळ आवाज जन्मात ऐकला नव्हता. तो जो उधळला तो तोरण शिंगावर घेऊन थेट शिवारात. लोक म्हणतात, महाराष्ट्रात गेला तेव्हा कुठं थांबला.

त्या संध्याकाळी बैल घरोघरी नेतात आणि बाया त्यांचे पाय धुतात. साडू गाडी घेऊन स्वतःच्याच दारात आला. आता मेव्हणीची पंचाईत. पोळ्याला दारात आलेल्याला परत कसं पाठवायचं? तिनं तोंडानं बडबड करत चारी चाकं धुतली, कुंकू लावलं, आरती ओवाळली आणि पुरणाची पोळी बॉनेटवर ठेवली. ओवाळताना ती हळूच काय पुटपुटली ते मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. "राह्य बाई इथंच," ती म्हणाली, "तू राह्यशील त हे राहीन."

दसरा झाला आणि साडूनं मुहूर्त काढला. आदिलाबादच्या आरटीओत मी बरोबर होतो. त्यानं गाडीला हार घातला होता, नारळ घेतला होता आणि काखेत एक जाड पुस्तक होतं. टांझानियातून निघताना मिळालेलं, दर बंदराला शिक्का मारून घ्यायचं. हीच ती तिकडची एनओसी, असं तो समजून चालला होता. बंदरावरच्या एजंटानं त्याला सहा महिन्यांची मुदत सांगितली होती. पण आमच्या भागात परराज्याच्या गाडीला अशी मुदत असतेच, त्यात नंबर बदलून घ्यायचा असतो, म्हणून यानं मान डोलावून सही केली होती. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, कोणतं राज्य? साडू म्हणाला, टांझानिया. कारकुनानं कॉम्प्युटरवर वरपासून खालपर्यंत राज्यं पाहिली, मग खालपासून वर पाहिली आणि उठून साहेबांना बोलावून आणलं.

साहेब मोठे रसिक निघाले. बाहेर येऊन गाडीभोवती फिरले, आत बसले, किल्ली फिरवली. बाई बोलली. "ये क्या बोल रई?" त्यांनी विचारलं. साडू म्हणाला, "आप को नमस्ते बोल रई साब." साहेब पोट धरून हसले, त्यांनी सगळ्या ऑफिसला बाहेर बोलावलं आणि बाईला पुन्हा बोलायला लावलं. मला वाटलं, झालं काम! नारळ फोडायचाच काय तो बाकी आहे! मग त्यांनी ते पुस्तक उघडलं. वाचता वाचता त्यांचं हसू कमी होत गेलं. ते उतरले, साडूच्या खांद्यावर हात ठेवला आणि हैदराबादी हिंदीत फार मायेनं म्हणाले, "देखो भाई, ये मेहमान गाडी है. रहने आई है छे महिने. मेहमान का नाम राशन कारड में नै चढता." साडू म्हणाला, "एनओसी है न साब." साहेब म्हणाले, "ये एनओसी नै है जी. ये वापसी का वादा है. नीचे तुमारीच सही है." मग त्यांनी समजावून सांगितलं की इतकी जुनी गाडी बाहेरून आणून इथं नोंदवता येत नाही, सगळा कर भरला तरी येत नाही, आणि मुदतीत ती देशाबाहेर गेली नाही तर जप्त होईल. साडू ऐकत होता. मी वाट पाहत होतो की आता म्हणेल, होते न साहेब, काऊन नाई होत. पण गाडीवरचा हार काढून त्यानं मागच्या सीटवर ठेवला, आणि चहाच्या टपरीवर गेल्यावर एवढंच म्हणाला, "गाडी सोडाले मलेच जा लागते." नेमकं त्याच आठवड्यात तिकडच्या शेठचे फोन सुरू झाले होते. तुझी जागा रिकामी ठेवली आहे, तिकीट पाठवतो, ये.

आता खरी धावपळ सुरू झाली, आणि ती केली कुणी? जिनं इतक्या महिन्यांत त्या गाडीत पाय ठेवला नव्हता तिनं! मेव्हणी सरपंचाकडे गेली, आमदाराच्या माणसाकडे गेली, वकिलाकडे गेली. माझ्या दुकानात येऊन खिळ्यांच्या पोत्यावर बसली आणि म्हणाली, "भाऊजी, काही करा. लोकं म्हनतात गाडी चालली. मले दिसून राह्यलं का हे चालले." मी म्हटलं, अगं, एकदा त्यालाच विचार ना, राहतो की जातो म्हणून. ती म्हणाली, "नाई पुसत. पुसलं, आन् जातो म्हनलं, त मंग?" शेवटी तिनं स्वतःच साहेबांना भेटायचं ठरवलं. आणि त्या सकाळी, अख्ख्या गावादेखत, ती त्या गाडीत बसली. पुढच्या सीटवर, पदर खोचून. साडूनं किल्ली फिरवली, आतली बाई बोलली, तशी ही तिला म्हणाली, "चाल बाई, तू बी चाल. तुया गोड तोंडानं तूच सांग त्याईले."

साहेबांपुढं हात जोडून ती अर्धी वऱ्हाडीत आणि अर्धी हिंदीत बोलली. "साहेब, नंबर नका देऊ. पन ठेवाची त परवानगी द्या. गोठ्यात झाकून ठेवतो आमी. हालूसुद्धा देत नाई." साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, "अम्मा, मेरे हात में होता तो आजीच लिख के देता." त्यांच्या हातात नव्हतंच ते, हे तिलाही कळलं. साडू दाराशी उभा राहून हे सगळं ऐकत होता.

कार्तिकात तो गाडी घेऊन मुंबईला निघाला. मेव्हणीनं शर्टाला इस्त्री केली, भाकरी-चटणी बांधली. शर्टाच्या खिशात त्यानं पासपोर्ट घातला तेव्हा तिनं विचारलं, "हे कशाले?" तो म्हणाला, "बंदरावर दाखवा लागते." ती बरं म्हणाली. गाव सगळं निरोपाला जमलं होतं. पाटलांनी स्वतः दार लावलं, आणि हळू लावलं. दोन-तीन दिवसांनी मला फोन आला. "सोडली," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला तर बंद. पुढं काय, कुठं, कोणत्या विमानानं, काही नाही. मेव्हणीला मी "सोडली म्हणे" एवढं कळवलं. पलीकडून "बरं" आलं. त्या दिवशी मला दुकान खायला उठलं होतं. साडूचा इतका राग आला होता म्हणता, समोर असता तर दोन थोबाडीत दिल्या असत्या.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निर्मलकडून आलेली बस माझ्या दुकानासमोर थांबली आणि त्यातून चुरगळलेल्या शर्टातला माझा साडू उतरला! मी गिऱ्हाइकाचे खिळे काट्यावर तसेच सोडून रस्त्यात धावलो आणि त्याला मिठी मारली. लोक पाहत होते, पाहू देत. मी विचारलं, "गेले नाहीत?" तो म्हणाला, "कुठं जाऊ? ते तिच्या रस्त्यानं गेली." मग म्हणाला, "जहाजावर चढोली तिले. आन् मनात आलं, आपल्या घरचीनं सायबापुढं हात जोडले, ते गाडीसाठी नाई जोडले. मले उमगाले लई टाइम लागते साडूभाऊ, यंत्राचं लवकर समजते." मी शटर ओढलं, त्याला फटफटीवर मागे बसवलं आणि बेल्याची वाट धरली. वाटभर कापूस फुटलेला होता, मी मोठमोठ्यानं काहीबाही गात होतो आणि मागून तो सांगत होता की आदिलाबादच्या जिनिंगवाल्याशी बसमधूनच बोलणं झालं, सोमवारपासून कामावर ये म्हणाला.

दारातली गाडीची जागा रिकामी होती, पावसाळ्यात चाकांनी पाडलेले चर तेवढे दिसत होते. मेव्हणीनं नवऱ्याला पाहिलं, मला पाहिलं. पाणी दिलं, चूल पेटवली, पीठ मळायला घेतलं. आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. पहिली भाकर तव्यावर पडली तशी तिनं विचारलं, "नीट गेली न गाडी?" तो म्हणाला, "गेली." आणि ती रडायला लागली. हुंदके देऊन, पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून. साडू गोंधळला. म्हणाला, "इतले वर्सं मी गेलो-आलो, तवा तू कवा रडली नाई. आता एका गाडीसाठी काऊन रडून राह्यली?"

"तवा कोनापुढं रडू?" ती म्हणाली. "आता तुमी हाय घरी, त रडतो जराशी."

साडू उठला, चुलीपाशी जाऊन बसला, तिच्या हाताजवळचं उलथनं उचललं, आणि तव्यावर करपत चाललेली भाकर त्यानं हळूच उलटली.